फुकट मिळालेला कोड आपोआप तुमचा होत नाही
ओपन सोर्स : विद्यार्थ्यांची प्रश्नोत्तरे

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे दिवस आले की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडून तेच प्रश्न येऊ लागतात. कॉलेज वेगळे असते, गोंधळ एकच असतो. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना वाचता येतो आणि परवान्याच्या अटींवर वापरता, बदलता येतो असे सॉफ्टवेअर. पण ओपन सोर्स म्हणजे फुकट, फुकट म्हणजे कुणाचेच नाही आणि कुणाचे नाही ते आपले, असे धरून बरेच जण चालतात. त्यातून पुढे काय काय होते ते खालच्या प्रश्नांत दिसेल. विचारणाऱ्यांची नावे गाळली आहेत.

सुरुवात कुठल्या भाषेपासून करू? सी, पायथन की जावास्क्रिप्ट? (बीसीए दुसरे वर्ष, निपाणी)

तुम्ही रोज वापरता ते सॉफ्टवेअर ज्या भाषेत लिहिले आहे, तिच्यापासून.

शहरातल्या एका क्लासमध्ये ‘ओपन सोर्स इंटर्नशिप, प्रमाणपत्रासह’ पाच हजार रुपयांत मिळते. घ्यावी का? (बीई तिसरे वर्ष, बेळगाव)

घेऊ नका. ओपन सोर्समध्ये तुमचे काम सगळ्यांना दिसेल असे उघड्यावर असते आणि तेच तुमचे प्रमाणपत्र. कुठल्याही चांगल्या प्रकल्पात शिरायला पैसे पडत नाहीत. नवख्यांना ओपन सोर्स प्रकल्पांत काम देणारा, २००५ पासून चालणारा गूगल समर ऑफ कोड हा उपक्रम फी घेत नाही, उलट निवड झालेल्याला मानधन देतो. आउटरीची या तशाच उपक्रमाचेही तेच. शिकायचेच असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे पाठ फुकट आहेत आणि त्यांतले बरेच मराठीतही आहेत. पैसे आधीच भरले असतील, तर कुठल्या प्रकल्पात आणि कुणाच्या देखरेखीखाली काम करायचे हे क्लासकडून लेखी मागा. मग त्या प्रकल्पाच्या लोकांना विचारून खात्री करा.

माझा लॅपटॉप जुना आहे, रॅम ४ जीबी. लिनक्स टाकता येईल का? (बीएस्सी, खानापूर)

येईल. लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी ओपन सोर्स प्रणाली, तिचे प्रकार अनेक. त्यांतल्या उबुंटूचा नेहमीचा डेस्कटॉप त्यावर रखडेल. एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपचे लिनक्स मिंट घ्या. हार्ड डिस्क जुनी फिरणारी असेल, तर रॅमच्या आधी एसएसडी बसवा, फरक तिथे जास्त पडतो. विंडोजही ठेवायचे असेल, तर डिस्कचे भाग पाडण्याआधी दोन कामे करा. सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि बिटलॉकर (विंडोजची डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का ते पाहून त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा. ही की नसल्यामुळे वर्षभराचे काम गमावलेल्यांची पत्रे दर सहामाहीला येतात. पहिल्यांदा करत असाल, तर कॉलेजच्या लॅबमधल्या जाणकाराला शेजारी बसवा.

पासवर्ड बरोबर टाकूनही गिटहबवर पुश होत नाही. (बीसीए, संकेश्वर)

गिट हा कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम, गिटहब ही असा कोड ठेवण्याची वेबसाइट आणि पुश म्हणजे आपले बदल तिथे पाठवणे. १३ ऑगस्ट २०२१ पासून तिथे गिटसाठी खात्याचा पासवर्ड चालत नाही. टोकन (पासवर्डऐवजी चालणारा लांब संकेत) काढा किंवा एसएसएच की (तुमच्या संगणकाची ओळख पटवणारी फाईल) बनवा.

चुकून एपीआय की कोडसकट पुश झाली. लगेच डिलीट केली. आता ठीक ना? (बीई दुसरे वर्ष, बेळगाव)

नाही. एपीआय की म्हणजे एखादी ऑनलाइन सेवा तुमच्या नावावर वापरू देणारी गुप्त किल्ली. फाईल पुसली तरी जुन्या कमिटमध्ये, म्हणजे गिटने जपलेल्या बदलाच्या नोंदीत, ती की तशीच राहते आणि अशा कीज शोधत फिरणारे प्रोग्राम काही मिनिटांत तिथे पोहोचतात. आधी सेवा देणाऱ्याच्या पानावर जाऊन ती की रद्द करा, नवी काढा, वापराचे बिल तपासा. इतिहास साफ करणे त्यानंतर. की कॉलेजच्या खात्याची असेल, तर आजच विभागप्रमुखांना सांगा.

मी एकच ओळ बदलली, पण पुल रिक्वेस्टमध्ये ४७ फायली बदललेल्या दिसतात. मेंटेनरने बंद करून टाकली. (बीई तिसरे वर्ष, निपाणी)

त्यांनी योग्यच केले. पुल रिक्वेस्ट म्हणजे तुमचा बदल मूळ प्रकल्पात घ्या अशी विनंती, आणि ती तपासणारा, प्रकल्प सांभाळणारा तो मेंटेनर. एवढ्या ढिगातून तुमची एक ओळ कोण शोधणार?

याची कारणे बहुतेक वेळा दोनच असतात. विंडोज ओळीच्या शेवटी सीआर आणि एलएफ अशी दोन अदृश्य अक्षरे ठेवते, लिनक्स फक्त एलएफ. एडिटरने फाईल विंडोजच्या पद्धतीने जतन केली की गिटच्या लेखी प्रत्येक ओळ बदलते. दुसरे कारण म्हणजे एडिटरमधले ‘फॉरमॅट ऑन सेव्ह’. तुम्ही एक शब्द बदलता आणि ते सगळ्या फाईलचे समास आपल्या मनाने लावून टाकते.

ओळखायला सोपे आहे. कमिट करण्याआधी ‘गिट डिफ --स्टॅट’ चालवा, किती फायली आणि किती ओळी बदलल्या ते दिसेल. मग ‘गिट डिफ -डब्ल्यू’ चालवा, यात मोकळ्या जागेचे फरक धरले जात नाहीत. पहिल्यात शेकडो ओळी आणि दुसऱ्यात एकच, तर रोग सापडला. त्या प्रकल्पापुरते फॉरमॅट ऑन सेव्ह बंद करा. प्रकल्पातल्या ‘एडिटरकॉन्फिग’ आणि ‘गिटॲट्रिब्यूट्स’ या फायली वाचा, नियम तिथेच लिहिलेले असतात. सगळे बदल एकदम उचलणाऱ्या ‘गिट ॲड .’ची सवय मोडा. ‘गिट ॲड -पी’ प्रत्येक तुकडा दाखवून हवा की नको विचारते.

झालेले निस्तरायचे असेल, तर तुमची ती एक ओळ दुसरीकडे उतरवून ठेवा. मूळ प्रकल्प ‘अपस्ट्रीम’ नावाने जोडा, फेच करा (त्याचे ताजे बदल आणा), त्याच्या ताज्या मुख्य शाखेवरून (शाखा म्हणजे कोडची समांतर वाट) तुमची शाखा त्याच नावाने पुन्हा काढा, ओळ हाताने बदला, कमिट करा आणि ‘--फोर्स-विथ-लीज’ लावून पुश करा. साधा ‘--फोर्स’ वापरू नका. त्या शाखेवर तुमच्या नकळत कुणी भर घातली असेल, तर तो ती न विचारता पुसतो. मग बंद झालेल्या पुल रिक्वेस्टखाली दोन ओळींत चूक मान्य करा आणि नवी उघडू का, असे विचारा. न विचारता दुसरी उघडू नका.

एका प्रोजेक्ट सेंटरमधून बारा हजारांना पतसंस्थेचे सॉफ्टवेअर घेतले. तोच कोड गिटहबवर कुणाचा तरी दिसतो. सेंटरवाले म्हणतात, ओपन सोर्स आहे, कुणीही घेऊ शकतो. मामा आमच्या भागातल्या पतसंस्थेचे संचालक आहेत, त्यांनाही तेच बसवून द्यायचे आहे. चालेल ना? (बीई चौथे वर्ष, बेळगाव)

थांबा. पतसंस्थेत काहीही बसवू नका, आणि हे उत्तर तुमच्या प्रोजेक्ट पार्टनरलाही वाचायला द्या.

आधी हक्काचे बोलू. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतींत धरला आहे. कोड लिहिला त्या क्षणी हक्क लिहिणाऱ्याचा होतो, नोंदणी लागत नाही. तो उघड्यावर ठेवला म्हणून हक्क सुटत नाही. शेतकऱ्याने काजूच्या बागेला कुंपण घातले नाही म्हणून काजू वाटसरूचे होत नाहीत, तसेच हे. तुम्हाला तो वापरता येतो तो फक्त परवान्यामुळे, म्हणजे लायसन्सच्या फाईलमुळे. ती फाईलच नसेल, तर गिटहबवर तुम्ही तो कोड पाहू शकता, तिथे फोर्क करू शकता, म्हणजे आपल्या खात्यात त्याची प्रत काढू शकता. तो घेऊन बदलण्याचा, वाटण्याचा किंवा विकण्याचा हक्क तुम्हाला मिळत नाही. हे एक वाक्य कळले असते, तर सेंटरवाल्यांचा निम्मा धंदा बसला असता.

लायसन्स असेल, तर ते कोणते ते पाहा. एमआयटी आणि बीएसडी हे परवाने सैल आहेत. विका, बदला, बंद ठेवा, पण मूळ लेखकाची हक्कनोंद आणि परवान्याचा मजकूर काढायचा नाही. अपाचे २.० मध्ये बदललेल्या फायलींत तसे नमूद करावे लागते आणि ‘नोटीस’ फाईल असेल तर ती पुढे द्यावी लागते. जीपीएल कडक आहे. पैसे घ्यायला त्याची ना नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पण ज्याला प्रोग्राम दिला त्याला सोर्स कोडही त्याच परवान्याखाली मिळाला पाहिजे. मामांच्या पतसंस्थेला प्रत दिली की ते वितरण झाले, म्हणजे संस्थेला सोर्स द्यायचा आणि तो पुढे वाटायचा तिचा हक्क मान्य करायचा. एजीपीएल याच्याही पुढे जाते. तुम्ही बदललेला प्रोग्राम सर्व्हरवर चालवून लोकांना नुसता इंटरनेटवरून वापरायला दिला, तरी वापरणाऱ्यांना सोर्स मिळण्याची सोय हवी.

सेंटरवाले काय करतात? मूळ लेखकाचे नाव पुसतात, लायसन्सची फाईल काढतात, लोगो बदलतात, इतिहासाचा फोल्डर उडवतात आणि तीच झिप दहा जणांना विकतात. इथेच परवान्याची अट मोडते. अट मोडली की त्यांचा वाटण्याचा हक्क संपतो, आणि नोंद पुसलेली ती झिप तुम्ही पुढे दिलीत की अट तुम्हीही मोडलेली असते. तपासून पाहा. कोडमधले एखादे विचित्र नावाचे फंक्शन किंवा शुद्धलेखनाची चूक असलेली कॉमेंट उचला आणि गिटहबच्या कोड शोधात घाला. कमिटचा इतिहास पाहा. वर्षभराचे काम म्हणतात आणि कमिट एकच, असे दिसले तर समजून घ्या.

आता पैशाचा भाग, आणि मला याचीच जास्त भीती वाटते. अशा विकाऊ कोडमध्ये तीच ती भगदाडे असतात. लॉगिनची एसक्यूएल ओळ, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा, वापरकर्त्याचा मजकूर थेट जोडून बनवलेली असते, त्यामुळे पासवर्ड ठाऊक नसतानाही आत शिरता येते. पासवर्ड एमडी५ या सहज फुटणाऱ्या जुन्या पद्धतीने साठवलेले असतात, किंवा तसेच उघडे. ॲडमिनचा पासवर्ड कोडमध्येच लिहिलेला असतो आणि तोच मूळ रिपॉझिटरीच्या (कोडच्या साठ्याच्या) रीडमी या माहितीच्या फाईलमध्ये सगळ्या जगाला वाचायला ठेवलेला असतो. व्याजाचा हिशेब दशांशी प्रकाराऐवजी फ्लोटमध्ये, म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात, केला की पैशांचे फरक साचत जातात आणि लेखापरीक्षणाच्या वेळी ताळा लागत नाही. पतसंस्थेत तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायकांची भिशी असते, ऊस बिलाची रक्कम असते, आधार क्रमांक असतात. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ चा कायदा आहे. उद्या माहिती फुटली, तर उत्तर संचालकांना द्यावे लागेल आणि सेंटरवाला फोन उचलणार नाही.

तुम्ही आता एवढे करा. प्रोजेक्ट गाईडना खरे सांगा, सादरीकरणाच्या आदल्या दिवशी नव्हे, या आठवड्यात. मूळ रिपॉझिटरीला परवाना असेल, तर ती रीतसर फोर्क करा, लेखकाचे नाव ठेवा आणि तुमची भर वेगळ्या कमिटमध्ये दिसू द्या. वर सांगितलेली चार भगदाडे बुजवलीत, तरी चांगला प्रोजेक्ट होतो. अहवालात ‘आधारभूत काम’ असे शीर्षक देऊन सगळे लिहा. आधीच्या कामावर बांधणे हा दोष नाही, ते लपवणे हा दोष आहे. परवाना नसेल, तर लेखकाला लिहून परवानगी मागा, आणि उत्तर येईपर्यंत तो कोड वापरू नका. पतसंस्थेचा विचार सध्या सोडा. पुढे कधी करायचाच झाला, तर संस्थेचे लेखापरीक्षक आणि कॉपीराइट समजणारा वकील, दोघांना विचारल्याशिवाय नको.

रीडमीमधल्या स्पेलिंगच्या चुका दुरुस्त केल्या तर योगदान धरतात का? (बीसीए पहिले वर्ष, चिकोडी)

चूक खरी असेल आणि वाचणाऱ्याला अडत असेल, तर होय. गिटहब प्रोफाईलवरचे, योगदान दाखवणारे हिरवे चौकोन वाढवण्यासाठी असेल, तर नाही. हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरमधल्या योगदान उपक्रमाच्या टी-शर्टसाठी २०२० मध्ये अशा फुटकळ बदलांचा एवढा पूर आला, की प्रकल्पांनी स्वतःहून संमती दिल्याशिवाय गणती करायची नाही, असा नियम आयोजकांना करावा लागला. २०२४ मध्ये एक्सप्रेस या प्रकल्पावर रीडमीत स्वतःचे नाव घालणाऱ्या पुल रिक्वेस्टचा भडिमार झाला. सरावाच्या व्हिडिओतली पायरी मुलांनी जशीच्या तशी खऱ्या प्रकल्पावर केली होती. सराव स्वतःच्या रिपॉझिटरीत करा.

चॅटबॉटकडून कोड लिहून घेतला तर? (बीई तिसरे वर्ष, बेळगाव)

त्या प्रकल्पाचे धोरण आधी वाचा. जेंटू आणि नेटबीएसडी या प्रणालींच्या प्रकल्पांनी २०२४ मध्येच असा कोड नको असे ठरवले, काही प्रकल्प सांगून वापरायला देतात. धोरण लिहिलेले नसेल, तर मेंटेनरना विचारा. प्रत्येक ओळ का आहे हे तुम्हाला सांगता येत नसेल, तर कुठेच पाठवू नका.

माझे दहावीपर्यंत मराठी माध्यम, इंग्रजी कच्चे. मराठी भाषांतराचे काम ओपन सोर्समध्ये धरतात का? (बीए, संगणक पदविका, खानापूर)

धरतात, आणि माणसे कमी आहेत. लिबरऑफिसचे भाषांतर वेबलेट या भाषांतराच्या वेबसाइटवर चालते, फायरफॉक्सचे पॉन्टूनवर. वाक्यातले ‘%एस’सारखे खुणेचे शब्द जसेच्या तसे ठेवायचे, नाहीतर प्रोग्राम बिघडू शकतो. एका शब्दाला सगळीकडे एकच प्रतिशब्द ठेवा.

याहून मोलाचे काम म्हणजे मराठी अक्षरांच्या चुका कळवणे. आचार्यांना आणि आचाऱ्यांना हे दोन शब्द घ्या. पहिल्यात रफार, दुसऱ्यात ऱ्य. हा दुसरा ‘र’ नुक्त्याच्या (खाली टिंब असलेल्या) ऱ ला हलन्त देऊन येतो. जुन्या पद्धतीत साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊनही तसाच दिसतो, पण संगणकाच्या लेखी या दोन वेगळ्या अक्षररांगा आहेत. म्हणून एका पद्धतीने टाइप केलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला की बऱ्याच ठिकाणी सापडत नाही. अशी चूक दिसली, तर फॉन्टचे नाव, प्रोग्रामची आवृत्ती, कोणत्या कळा दाबल्या, काय दिसले, काय दिसायला हवे होते, एवढे पाच मुद्दे आणि पडद्याचे चित्र पाठवा. इंग्रजी तोडके असले तरी चालते. कन्नड वाचता येत असेल, तर तीच चाचणी कन्नडमध्येही करा. सीमाभागातल्या मुलांना दोन्ही लिप्या येतात, ही इतरांकडे नसलेली शिदोरी आहे. शेकडो वाक्ये एकदम बदलण्याआधी मात्र मराठी गटाच्या समन्वयकाशी बोला.

समर ऑफ कोडचा अर्ज मार्चमध्ये असतो. मार्चपासून तयारी करू का? (बीई दुसरे वर्ष, बेळगाव)

उशीर होईल. वय १८ पूर्ण हवे. भाग घेणाऱ्या संस्थांची यादी साधारण फेब्रुवारीत लागते, पण गेल्या वर्षीची यादी आजही उघडून वाचता येते. त्यातली एक निवडा, दिवाळीच्या सुट्टीत तिचा कोड स्वतःच्या संगणकावर बिल्ड करा, म्हणजे त्यातून चालता प्रोग्राम बनवा. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर मोठी रिपॉझिटरी क्लोन करताना (उतरवून घेताना) मध्येच तुटली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणून फक्त ताजी नोंद आणणारे ‘--डेप्थ १’ लावा आणि बाकीचा इतिहास नंतर कॉलेजच्या वायफायवर ‘फेच --अनशॅलो’ने आणा. डिसेंबरपर्यंत एक लहान दुरुस्ती स्वीकारली गेलेली असावी. प्रस्तावाचा मसुदा मुदतीच्या निदान दोन आठवडे आधी मेंटॉरना (त्या संस्थेच्या मार्गदर्शकांना) दाखवा आणि सहामाही परीक्षेच्या तारखा त्यात आधीच लिहा.