लग्नाच्या इंग्रजी पत्रिकेसाठी मोनोटाइप कॉर्सिव्हाऐवजी देखणा तिरपा सेरिफ फॉन्ट कोणता? आणि तो कुठे कुठे वापरावा?

तुमची पत्रिका एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी आहे. प्रेसवाल्याने इंग्रजी बाजू कॉर्सिव्हात लावून पाठवली आणि ती ‘सगळ्यांसारखी’ दिसते, असं तुम्ही लिहिलंय. मी डीटीपीचं काम करतो, त्यामुळे ही तक्रार पाठ झालीय. माझं उत्तर ठरलेलं असतं: ईबी गॅरामंड हा सेरिफ, म्हणजे रेघांच्या टोकांना छोटे पाय असलेला फॉन्ट, आणि त्यातलं इटालिक, म्हणजे तिरपी अक्षरं. गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो.

यातलं ‘ईबी’ म्हणजे एगेनोल्फ-बर्नर. फ्रँकफर्टच्या या टाइप फाउंड्रीने १५९२ साली आपल्याकडच्या खिळ्यांचं, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांचं, एक नमुनापत्रक छापलं. त्यात उभी अक्षरं क्लोद गारामों या फ्रेंच खिळे कोरणाऱ्याची होती आणि तिरपी रोबेर ग्राँजों या दुसऱ्या फ्रेंच कारागिराची. त्या पत्रकावरून गेऑर्ग डुफ्नर यांनी हा फॉन्ट केला. म्हणजे ‘काय सुंदर गॅरामंड इटालिक!’ असं आपण म्हणतो, ते मुळात गारामोंचं नाहीच. बिचारे ग्राँजों.

आता हे देखणं का दिसतं ते बघा. इटालिक म्हणजे उभं अक्षर ढकलून तिरपं केलेलं नव्हे. त्याचं मूळ इटलीतल्या विद्वानांच्या झरझर लिहिण्यात आहे. व्हेनिसचा छपाईवाला आल्दुस मानुतिउस याने १५०१ साली व्हर्जिलच्या कविता हातात मावेल अशा छोट्या आकारात छापल्या, त्या इटालिकमध्ये. खिळे कोरले होते फ्रान्चेस्को ग्रिफोने. म्हणून ही अक्षरं अजूनही हाताने लिहिल्यासारखी वळतात. लहान ‘ए’ उभ्या टाइपात दुमजली असतो, डोक्यावर छोटी छत्री घेतलेला. इटालिकमध्ये तो एकमजली होतो, शाळेत वहीत काढायचो तसा. लहान ‘एफ’ची शेपटी ओळीच्या खाली उतरते. आणि वधू-वरांच्या नावांमधलं ते ‘अँड’चं चिन्ह मोठं करून बघाच. लॅटिनमध्ये ‘आणि’ला ‘एत’ म्हणतात. त्यातली ‘ई’ आणि ‘टी’ ही दोन अक्षरं एकमेकांत गुंफलेली इथे स्पष्ट दिसतात. नावांपेक्षा ते थोडं मोठं आणि वेगळ्या रंगात ठेवलं तर गणपती, कलश सोडून दुसरी नक्षी लागत नाही.

गंमत म्हणजे ज्याला तुम्ही कंटाळलात तो कॉर्सिव्हाही खानदानी आहे, रोममधल्या आर्रिगी नावाच्या लेखनिकाच्या वळणावरून केलेला. दोष त्याचा नाही. तो प्रत्येक कॉम्प्युटरवर आयता सापडला आणि बारशापासून दुकानाच्या पाटीपर्यंत सगळीकडे लागला.

वापरायचा कुठे? जिथे माणूस बोलतोय तिथे. दोघांची नावं, ‘आपण यावं’ ही विनंतीची ओळ, आजी-आजोबांचे आशीर्वाद. तारीख, मुहूर्ताची वेळ, कार्यालयाचा पत्ता, फोन नंबर मात्र त्याच फॉन्टच्या उभ्या अक्षरांत. पत्ता रिक्षात बसून वाचायचा असतो. अख्खी पत्रिका तिरपी केलीत तर पुन्हा कॉर्सिव्हाच झाला म्हणून समजा. नुसत्या कॅपिटलमध्ये नावं लावू नका. इटालिकचा सगळा जीव लहान अक्षरांत असतो. आल्दुसने तर कॅपिटल उभीच ठेवली होती, फक्त लहान अक्षरं तिरपी. नावांना हे करून बघा, फार छान दिसतं.

कोणी बोडोनी इटालिक सुचवेल. दिसतो राजेशाही, पण त्याच्या बारीक रेघा केसासारख्या असतात. हँडमेड कागदावर किंवा सोनेरी फॉइलमध्ये त्या तुटतात. गॅरामंडमध्ये जाड-बारीक फरक कमी, त्यामुळे तो खरखरीत कागदावरही तगतो.

मराठी बाजूला इटालिकचं बटण दाबू नका. आपल्या छपाईत तिरप्या अक्षराची परंपरा नाही. बटण दाबलं की शिरोरेखा आडवी राहते आणि काना-वेलांट्या वाऱ्यात कलल्यासारख्या शेजाऱ्याच्या अंगावर जातात. तिथे ‘टिरो देवनागरी मराठी’ हा फॉन्ट उभाच लावा. त्यात ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे आहेत.

शेवटची गोष्ट मी पैसे मोजून शिकलोय. एका पत्रिकेची फाइल घाईत कर्व्ह न करता, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या न करता, छपाईला पाठवली. तिथल्या मशीनवर या फॉन्टची फक्त उभी फाइल होती. सॉफ्टवेअरने तीच ढकलून तिरपी केली आणि चारशे पत्रिका तशाच छापून आल्या. गिऱ्हाइकाला कळलं नाही, मला मात्र पाकिटातून काढल्या काढल्या दिसलं: ‘ए’ दुमजलीच होता, नुसता कललेला. चूक माझी, पुन्हा छापून दिल्या. तेव्हा फॉन्ट उतरवताना इटालिकची वेगळी फाइल घ्या, प्रेसला कर्व्ह केलेली पीडीएफ द्या, आणि प्रूफ हातात आलं की नावांच्या स्पेलिंगनंतर लगेच तो लहान ‘ए’ बघा.