वेळ येण्याआधीच ठरवून ठेव

प्रिय बाळा,
प्रभूच्या नावात सलाम.

तुझा मेसेज वाचला. ही नोकरी घ्यावी की ती, लग्नाचं काय, देवाची इच्छा नेमकी ओळखायची कशी, प्रश्न मोठे आहेत आणि प्रार्थना चालूच ठेव, पण मला मनापासून वाटतं की तुझं बरंचसं आयुष्य अशा गोष्टींवर ठरणार आहे जिथे देवाला काय हवंय ते तुला आधीच माहितीये. खोटं बिल लावू की नको यासाठी उपास करून उत्तर मागावं लागत नाही.

बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय परत एकदा सावकाश वाच. पोरगा गुलाम म्हणून बाबेलला (बॅबिलोनला) नेलेला, नावसुद्धा बदललं त्याचं, तिथली भाषा, तिथलं शिक्षण, राजाची चाकरी हे सगळं त्याने घेतलं (हे आपण विसरतो, प्रत्येक गोष्टीला नाही म्हणणं म्हणजे विश्वासूपणा नव्हे) पण राजाच्या ताटातलं अन्न आणि द्राक्षारस नको, हे मनात पक्कं केलं. आणि मग भांडला नाही, विनंती केली! कारभाऱ्याला म्हणाला 10 दिवस भाजीपाला आणि पाणी देऊन बघा. समोरच्याची नोकरी धोक्यात येऊ नये याचीही काळजी घेतली त्याने. तुझ्या ऑफिसात बॉसला नाही म्हणायची वेळ येईल तेव्हा ही पद्धत आठव, आवाज न चढवता, दुसरा मार्ग हातात घेऊन जा.

आता सहावा अध्याय. तोवर दानीएल म्हातारा झालाय, साठेक वर्षं उलटलीत. 30 दिवस राजाशिवाय कोणाकडे, देवाकडेसुद्धा, काही मागायचं नाही असा हुकूम निघतो आणि हा घरी जाऊन रोजच्यासारखा दिवसातून 3 वेळा गुडघे टेकतो. मला तो 'रोजच्यासारखा' फार भिडतो. हुकूम मोडला म्हणून त्याला सिंहांच्या गुहेत टाकलं, पण त्या गुहेसाठी त्याने काही वेगळी तयारी केलीच नव्हती.

म्हणून आधी ठरव. ग्रुपमध्ये कोणाची तरी निंदा सुरू झाली की मी काय करणार, रात्री एकटेपणात हातात मोबाईल असताना काय करणार, शब्द दिला आणि नंतर तोटा दिसला तर काय करणार. या शेवटच्या गोष्टीवर 15 वं स्तोत्र स्पष्ट बोलतं, नुकसान झालं तरी शब्द फिरवायचा नाही. सिनेमा, कपडे, गाणी यांवर लोक तासन्तास वाद घालतात, तिथे प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रात विचारलं तेच स्वतःला विचार, मोकळीक आहे, पण यातून कोणाची उन्नती होते का? आणि पुढे चल.

चुकशील तेव्हा येशूचा शिष्य पेत्र आठव. शिपायांसमोर तलवार काढणारा माणूस एका दासीच्या प्रश्नाला घाबरला आणि येशूला ओळखतच नाही म्हणाला. तरी येशूने त्याला टाकलं नाही, किनाऱ्यावर न्याहारी दिली, 3 वेळा प्रेमाबद्दल विचारलं आणि आपली मेंढरं, म्हणजे आपली माणसंसुद्धा त्याच्याच हाती सोपवली. तेव्हा पडलास तर लपू नकोस, त्याच दिवशी कबूल कर, ज्याचं नुकसान केलंस त्याला भेट, जकातदार जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत केलं तसं जे परत करता येईल ते कर.

सगळं एकदम नको घेऊस. या आठवड्यात एकच गोष्ट ठरव आणि मला फोन करून सांग, मी रोज तिच्यासाठीच नाव घेऊन प्रार्थना करेन, आणि रविवारी उपासनेनंतर विचारेन, काय झालं ते खरं सांग.