लहान ट्रॅव्हल ट्रेलरसाठी हिच निवडताना

हिच, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचे चाकांवरचे घर) गाडीला जोडणारा सांधा, विकत घेण्यापूर्वी गाडीचे मॅन्युअल उघडा, कारण काही एसयूव्हींच्या बाबतीत वजन विभागणारी हिच (ट्रेलरचा भार गाडीच्या पुढच्या चाकांवरही वाटणारी) वापरण्यास उत्पादकानेच मनाई केलेली असते आणि मग पुढचा सगळा विचार तिथेच थांबतो. मनाई नसल्यास रिसीव्हरवरचे, म्हणजे गाडीच्या मागे हिच बसवायच्या चौकोनी खोबणीवरचे, लेबल वाचा. साध्या हिचची आणि वजन विभागणाऱ्या हिचची मर्यादा त्यावर बहुधा वेगवेगळी दिलेली असते.

स्प्रिंग बारची, म्हणजे वजन विभागणाऱ्या हिचमधील भार वाटणाऱ्या दांड्यांची, क्षमता ठरवताना माहितीपत्रकातील रिकाम्या ट्रेलरचे आकडे धरू नका. सामानाने भरलेल्या ट्रेलरचे १० ते १५ टक्के वजन बॉलवर (ट्रेलर ज्यावर टेकतो त्या हिचच्या गोळ्यावर) यावे लागते, म्हणजे ३,५०० पौंडांच्या ट्रेलरला ३५० ते ५२५ पौंड, आणि त्यात गाडीच्या मागच्या आसापलीकडे ठेवलेले सामानही मिळवावे लागते. मी स्वतः ‘जास्त तेवढे चांगले’ असे समजून एवढ्याशा ट्रेलरसाठी १,००० पौंडांचे बार घेतले होते. ते इतके ताठ निघाले की पुलाच्या प्रत्येक सांध्यावर ओट्यावरची भांडी खाली येत.

जोडणी नीट झाली का, हे मोजपट्टी सांगते. ट्रेलर न जोडता पुढच्या चाकावरील कमानीची जमिनीपासूनची उंची मोजा. ती समजा ३४ इंच आहे आणि जोडल्यावर ३५ झाली, तर बार ताणून ती मॅन्युअलमध्ये सांगितली असेल तेवढीच परत खाली आणा. मूळ उंचीच्याही खाली नेल्यास मागची चाके हलकी होतात आणि ओल्या वळणावर गाडी मागून घसरू शकते. घर्षणावर चालणारा स्वे कंट्रोल बार (ट्रेलरचे डोलणे रोखणारा दांडा) लावलेला असेल, तर रिव्हर्स घेण्यापूर्वी तो आठवणीने काढावा.