फॅशन डिझायनर व्हायला चित्रकला उत्तम यायलाच हवी का?

नाही, चित्रकला बेताची असली तरी चालते. कापडाची जाण मात्र हवीच. फ्रेंच डिझायनर मादलेन व्हिओने यांनी १९१२ साली पॅरिसमध्ये स्वतःचं फॅशन हाऊस काढलं, आणि त्या डिझाइन करायच्या छोट्या लाकडी पुतळ्यावर कापड टाचून. त्यांचा गाजलेला उरेब कट, म्हणजे धाग्यांच्या दिशेला ४५ अंशांत तिरकं बेतलेलं कापड, कागदावर कळतच नाही. ते किती ओघळतं हे टांगल्यावरच दिसतं. म्हणून असा ड्रेस निदान रात्रभर टांगून मगच खालची दुमड घालतात, नाहीतर घेर वरखाली होतो. एक मात्र खरं: शिवणाऱ्याच्या हाती द्यायचं फ्लॅट ड्रॉइंग, म्हणजे कपडा सपाट पसरल्यासारखं रेखाचित्र, त्यातली मापं, शिवणी, चेनची जागा, हे अचूक काढता आलंच पाहिजे.