वाचकांचे प्रश्न : व्यावसायिक टेनिसनंतर कॉलेजचा संघ

प्रश्न : अमेरिकी टेनिसपटू बेन शेल्टनचे वडील ब्रायन स्वतः कितपत खेळायचे? अमेरिकेत कॉलेजच्या प्रशिक्षकाला एवढा मान कसा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : चांगले खेळायचे, पण जागतिक क्रमवारीत पहिल्या पन्नासात कधी आले नाहीत. एकेरीतलं त्यांचं सर्वोत्तम स्थान ५५वं. अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या गवतावर १९९१ आणि १९९२ अशी सलग दोन विजेतेपदं. १९९४च्या विम्बल्डनला पात्रता फेरीतून वर येऊन त्यांनी पहिल्याच सामन्यात द्वितीय मानांकित मिखाएल श्टिखला सरळ सेटमध्ये हरवलं आणि चौथी फेरी गाठली.

मान मिळाला तो त्यानंतरच्या कामामुळे. १९९९मध्ये त्यांनी जॉर्जिया टेक या आपल्याच जुन्या कॉलेजचा महिला संघ हाती घेतला. २००७मध्ये तो संघ अंतिम लढतीत यूसीएलए विद्यापीठाला ४-२ हरवून राष्ट्रीय विजेता झाला. २०१२पासून फ्लोरिडा विद्यापीठाचा पुरुष संघ, आणि २०२१मध्ये तिथेही राष्ट्रीय विजेतेपद. निर्णायक गुण मिळवला तो बेननेच. पहिल्या श्रेणीत, म्हणजे कॉलेज-खेळाच्या सर्वोच्च गटात, महिला आणि पुरुष अशा दोन्ही संघांना जिंकवणारे प्रशिक्षक ते एकटेच. २०२३मध्ये ती नोकरी सोडून ते मुलाचे पूर्णवेळ प्रशिक्षक झाले.

प्रश्न : सामना चालू असताना प्रशिक्षक नेमकं काय करतो? माजी व्यावसायिक खेळाडूला ते सोपं जात असेल ना?
– एक वाचक, पुणे

उत्तर : उलट, सुरुवातीला जडच जातं. दोन कॉलेज-संघांची लढत ७ गुणांची असते. आधी दुहेरीचे तीन सामने एकाच वेळी, प्रत्येकी एका सेटचे. त्यातले दोन जिंकणाऱ्याला मिळून १ गुण. मग सहा एकेरी, प्रत्येकी १ गुण. ज्याचे ४ आधी होतील तो जिंकला. ड्यूसला (४०-४० झाल्यावर) अॅडव्हान्टेज नाही, एकच निर्णायक पॉइंट, आणि सर्व्हिस कोणत्या बाजूला घ्यायची हे ती घेणारा ठरवतो. हा पॉइंट कसा खेळायचा याचा सराव वेगळा करून घ्यावा लागतो, आणि नवे प्रशिक्षक नेमकं तेच विसरतात.

दोन पॉइंटच्या मध्येही खेळाडूशी बोलता येतं, पण सहा कोर्टं एकदम चालू असतात. नवा प्रशिक्षक साहजिकच पहिल्या कोर्टावर, म्हणजे सर्वांत भक्कम खेळाडूंच्या सामन्याशी, जाऊन उभा राहतो. सर्वांत देखणं टेनिस तिथेच असतं. तिकडे पाचवं-सहावं कोर्ट हातचं जातं, आणि त्यांचा गुण पहिल्याइतकाच मोलाचा. म्हणून कोर्टं सहायकांबरोबर आधीच वाटून घ्यायची आणि बाजू बदलताना एकच सूचना द्यायची : ‘दुसरी सर्व्हिस अंगावर टाक’, एवढीच. तीन सांगितल्या की खेळाडू एकही पाळत नाही. बरं, भक्कम खेळाडूला खालच्या कोर्टावर उतरवून सोपा गुण लाटावा म्हटलं तर तेही चालत नाही. क्रम खेळाच्या कुवतीनुसारच लावावा लागतो.

वेळही मोजूनमापून. हंगामात आठवड्याला २० तास, त्यात व्यायामही आला, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. सामना कितीही लांबला तरी ३ तास धरतात. शुक्रवारी आणि रविवारी सामने असतील तर सरावाला उरले १४. दिवसाला पाच-सहा तास घाम गाळलेल्या माणसाला हे फार तुटपुंजं वाटतं.

प्रश्न : मी एआयटीएच्या (अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या) स्पर्धा खेळतो. या क्षेत्रात शिरायचं कसं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी पदवी पूर्ण करा, अमेरिकेत बहुतेक विद्यापीठांच्या जाहिरातीत ती अट असते. तिथे पदव्युत्तर शिक्षण घेता घेता संघाचं सहायकपद मिळवणं ही रुळलेली वाट आहे. अर्जात स्वतःच्या क्रमवारीपेक्षा तुम्ही कोणाला शिकवलंत आणि त्यांचा खेळ किती सुधारला, हे वर मांडा. कॉलेज-प्रशिक्षकाचं निम्मं काम खेळाडू हेरण्याचं असतं, त्यामुळे भारतातल्या १६-१८ वयाच्या मुलामुलींची तुम्हाला असलेली माहिती हे तिथे भांडवल ठरू शकतं. इथेच सरकारी प्रशिक्षक व्हायचं असेल तर पतियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका पाहा.