शेताच्या धुऱ्यावरचं (बांधावरचं) रेशमी अस्तराचं बीळ बुजवावं का?

नका बुजवू. आधी बीळ कोणाचं ते पाहा. भोक बोटभर रुंद, तोंड गोल आणि आतून पांढऱ्या रेशमाचं अस्तर असेल, तर तो बहुधा बिळात राहणारा मोठा केसाळ कोळी. तोंडाला मातीचं झाकण असेल, तर झाकणवाला कोळी. उंदराच्या बिळाला असं अस्तर नसतं. तोंड जाळीने बंद दिसलं तरी बीळ रिकामं समजू नका. कात टाकताना किंवा अंडी असताना मादी ते बंद करते.

ही मादी वर्षानुवर्षं त्याच बिळात राहते. पिल्लं पायीच पसरतात, बहुतेक जवळपासच. म्हणून जेसीबीने धुरा एकदा साफ केला की वस्ती परत बसायला फार वर्षं लागतात. उन्हाळवाहीत बिळाभोवती मीटरभर जागा सोडा, तिथे पऱ्हाटी-धसकटं पेटवू नका, तणनाशक मारू नका. पाणी ओतून बाहेर काढायची गंमत तर नकोच.

पावसाळ्यात घरात शिरणारा बहुधा जोडीदार शोधत फिरणारा नर असतो. डब्याखाली झाकून, पुठ्ठा सरकवून बाहेर सोडा. चावलाच तर साबण-पाण्याने धुवून दवाखान्यात दाखवा.