मनगटदुखी: कीबोर्ड नंतर, आधी कोणती बोटं ते सांगा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दिवसभर टायपिंग आणि माउस, उजवं मनगट दुखतं, रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते. कामाच्या वेळी पट्टा बांधता, अधूनमधून रबरी चेंडू दाबता, आणि आता महागडा कीबोर्ड घ्यावा की महिनाभर पूर्ण विश्रांती घ्यावी असं विचारताय. माझंही पोट टायपिंगवरच चालतं आणि हे दुखणं माझ्या जुन्या ओळखीचं आहे. म्हणून स्पष्टच सांगते, दोन्ही नको. निदान आत्ता तरी नको.

आधी मुंग्या नेमक्या कुठे येतात ते बघा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू बधिर होत असेल, करंगळी मात्र शाबूत असेल, रात्री उठून हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर संशय कार्पल टनेलचा. मनगटातल्या त्या अरुंद बोगद्यातून बोटं वाकवणारे नऊ टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या) आणि एक नस जाते. आत जरा सूज आली की पहिली चेपते ती नस. करंगळीच बधिर होत असेल तर मनगटाला कितीही पट्टे बांधा, उपयोग शून्य. करंगळीची नस वेगळी, ती बहुतेकदा कोपराशी दाबली जाते: टेबलाच्या कडेवर कोपर टेकवून बसणं, फोन कानाला लावून तासन्‌तास बोलणं, हात दुमडून झोपणं. मुंग्या नाहीतच, पण अंगठ्याच्या मुळाशी काही उचलताना कळ येते, असं असेल तर अंगठ्याचे टेंडन दुखावलेत. ते फोनवर अंगठ्याने टायपणाऱ्यांना होतं, तान्ह्या बाळाला सतत उचलणाऱ्यांनाही होतं. आणि मान वळवली की मुंग्या वाढत असतील तर मूळ मानेतही असू शकतं.

तुम्ही रात्रीची जाग लिहिलीय, म्हणून कार्पल टनेल धरून पुढचं लिहिते.

पट्टा दिवसा नको, रात्री बांधा. झोपेत मनगट दुमडलं जातं आणि बोगद्यातला दाब वाढतो, तो टाळण्यासाठी पट्टा आहे. दिवसा पट्ट्यात हात अडकवून टायपिंग केलं तर बोटं पट्ट्याशीच झगडत बसतात. आणखी एक गोष्ट, जी दुकानदार सहसा सांगत नाही: तयार मिळणाऱ्या बऱ्याच पट्ट्यांमधली धातूची पट्टी मनगट मागे वाकवणारी असते. ती बाहेर काढून सरळ करा आणि परत घाला. मनगट हाताच्या रेषेत हवं, ना वर ना खाली. बंद इतके आवळू नका की बोटं सुजतील. चार-सहा आठवडे रोज बांधल्याशिवाय निकाल लावू नका.

चेंडू दाबणं सध्या बंद. दुखावलेल्या टेंडनना आणखी दाबायचं काम देण्यात काय अर्थ आहे?

आता टेबलाकडे या. कीबोर्डच्या मागचे छोटे पाय उभे असतील तर आधी मिटून टाका, त्यांनी मनगट उगाच मागे वाकतं. जेलची उशी टायपिंग थांबवल्यावर हात टेकायला ठीक आहे. टाइप करताना तळहाताचं मूळ तिच्यावर दाबून ठेवलं तर दाब बरोबर त्या बोगद्यावरच येतो. माउस कीबोर्डला चिकटून ठेवा, खांदा ताणून पोचावं लागू नये. आणि एकदा स्वतःचा हात निरखून बघा. स्क्रीनवर काही वाचत असता, क्लिक करायचं नसतं, तरी तर्जनी बटणापासून केसभर वर उचललेली असते. वाचन संपेपर्यंत तशीच! कोपराखालचा स्नायू तेवढा वेळ ताणलेला राहतो, आणि संध्याकाळी आपण म्हणतो, आज तर काही विशेष टाइपसुद्धा केलं नाही. वाचताना हात माउसवरून काढून मांडीवर ठेवा. फुकटातला हा बदल मला महागड्या कीबोर्डपेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

पूर्ण विश्रांतीचं म्हणाल, तर महिनाभर हात गप्प ठेवून पहिल्याच दिवशी पूर्ण कामाला लागलात की दुखणं परत हजर. त्यापेक्षा काम तोडून करा. पंचवीस-तीस मिनिटांनी दोन मिनिटं हात सोडा, आणि हे दुखायला लागल्यावर नाही, त्याआधी. त्या दोन मिनिटांत फोन हातात घेतलात तर ती विश्रांती नव्हे. कालचं काम झेपलं की नाही हे आज सकाळी हात सांगतो. सकाळी जास्त दुखत असेल तर आज काम कमी करा, ठीक असेल तर थोडं वाढवा. लांब ईमेल बोलून टाइप करा, मराठीतही ते आता बऱ्यापैकी जमतं. वेदनाशामक गोळी खाऊन मात्र डेडलाइन गाठू नका. दुखणं तसंच राहतं, फक्त कळत नाही.

डेडलाइनवरून आठवलं. रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्याने 1713 मध्ये कारकुनांच्या दुखण्यांची तीन कारणं लिहून ठेवली होती: सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. तिसऱ्या कारणाला आपण हसतो, पण घाईच्या दिवशी माउस किती घट्ट धरलेला असतो ते बघा.

रक्तातली साखर आणि थायरॉइड एकदा तपासून घ्या. मधुमेहात आणि थायरॉइड कमी असताना हा त्रास जास्त होतो. गरोदरपणातही होतो, तो पुष्कळदा बाळंतपणानंतर ओसरतो.

बधिरपणा दिवसभर टिकायला लागला, हातातून वस्तू निसटायला लागल्या, शर्टाचं बटण लावता येईना, किंवा अंगठ्याखालचा मांसल उंचवटा दुसऱ्या हातापेक्षा चपटा दिसायला लागला, तर मात्र घरगुती प्रयोग थांबवा आणि ऑर्थोपेडिक किंवा हाताच्या सर्जनकडे जा. नसेची तपासणी करायला सांगतील. स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवतील किंवा ऑपरेशन. ऑपरेशनमध्ये बोगद्याच्या छतासारखा असलेला लिगामेंट (हाडांना जोडणारा चिवट बंध) कापून नसेला जागा करून देतात, आणि ते बहुधा फक्त हात बधिर करूनच होतं. दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या, पण त्यात महिने घालवू नका, कारण वाळलेला स्नायू पूर्ववत होईलच याची खात्री नसते.